साम्राज्याचा पट आणि रतनपूरची वाट
(प्रस्तावना)

2009 साली ‘एम्पायर : टोटल वॉर’ हा संगणकावरचा खेळ बाजारात आला. त्यात चालवायला मिळणाऱ्या राज्यांच्या यादीत ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया, रशिया, ऑटोमन तुर्क यांच्या जोडीला मराठ्यांचंही नाव होतं. डाव 1700 साली सुरू होतो आणि शतक संपेपर्यंत चालतो. कर किती घ्यायचा, रस्ता कुठून न्यायचा, आधी तोफखाना वाढवायचा की आरमार, मोगलांशी आत्ता भिडायचं की चार वर्षं दम धरायचा, हे सगळं खेळणाऱ्यानं ठरवायचं. शाळेत ज्या काळाच्या सनावळ्या पाठ केल्या, त्या काळातला दौलतीचा कारभार आपल्या हाती येतो, ही गोष्ट मराठी मुलामुलींना सुखावणारी होती आणि आजही आहे. त्या आनंदात कमी लेखण्यासारखं काही नाही. पुढची पानं त्या आनंदातूनच लिहिली आहेत.

मात्र ती बीरगांवात बसून लिहिली आहेत, आणि त्यामुळे विषयाचा रोख बदलतो. बीरगांव म्हणजे रायपूरच्या उत्तर अंगाला, बिलासपूर रस्त्यालगत, उरला आणि सिलतऱ्याच्या पोलादी कारखान्यांच्या शेजारी वाढलेलं कामगारांचं शहर. इथल्या वस्त्यांत छत्तीसगडी, भोजपुरी, ओडिया, तेलुगू आणि मराठीही कानावर पडते. हाच रस्ता सिमगा आणि बिलासपूर मागे टाकून पुढे रतनपूरकडे जातो. 1741 साली नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालच्या स्वारीवर जाताना त्या रतनपुरावर चालून गेले. तेव्हापासून 1854 पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या दौलतीशी बांधलेला राहिला. पुण्यातला किंवा ठाण्यातला मुलगा पडद्यावर एखादा दूरचा प्रांत जिंकतो, तेव्हा तो प्रांत त्याच्यासाठी रंग बदललेला एक तुकडा असतो. आम्ही त्या तुकड्यात राहतो. आमची भाषा जिंकणाऱ्यांची आहे आणि आमचं घर जिंकल्या गेलेल्या मुलखात आहे.

या पुस्तकाला एकच गोष्ट सांगायची आहे. साम्राज्य उभारण्याचा खेळ खऱ्या अर्थानं खेळायचा असेल, तर पट दोन ठिकाणांहून पाहता आला पाहिजे, राजधानीतून आणि गावातून. खेळ आपल्याला फक्त राजधानीत बसवतो. गावातली जागा आपण अभ्यासानं मिळवायची असते. भोसलेकालीन छत्तीसगडचा इतिहास या अभ्यासासाठी फार मोलाचा आहे, कारण साम्राज्याच्या खेळात एखाद्या प्रांताबाबत जेवढे पर्याय खेळणाऱ्यापुढे येतात, ते जवळजवळ सगळे या एका मुलखावर शंभर वर्षांत वापरून झाले.

आधी या खेळांच्या घराण्याची ओळख करून घेऊ. राज्याची लढाई पटावर मांडण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ असं चतुरंग सैन्य घेऊन खेळला जाणारा डावच पुढे बुद्धिबळ झाला. युरोपात 1824 च्या सुमारास प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ यांनी बसवलेला युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरात आला. त्यात नकाशा होता, अंतरं मोजली जात होती आणि शत्रू कुठे आहे हे खेळणाऱ्याला पूर्ण दिसत नव्हतं. पण या दोन्ही खेळांत सैन्य आयतं मिळतं. ते कोणी पोसलं, त्याचा पगार कुठून आला, हे प्रश्न तिथे येत नाहीत. ते आले पुढे. 1980 साली फ्रान्सिस ट्रेशॅम यांनी ‘सिव्हिलायझेशन’ नावाचा पटावरचा खेळ काढला. त्यात शेती, व्यापार आणि विद्या यांच्या बळावर समाज वाढवायचा होता. 1991 साली सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी त्याच नावाचा संगणकावरचा खेळ केला. तो इसवी सनपूर्व 4000 पासून सुरू होतो आणि अंतराळयानापर्यंत जातो. 1997 साली ‘एज ऑफ एम्पायर्स’ आला आणि 1999 साली त्याचा दुसरा भाग. आपल्याकडच्या सायबर कॅफेंमध्ये एका पिढीनं तो रात्ररात्र खेळला. 2000 साली ‘टोटल वॉर’ मालिकेतला जपानवरचा पहिला खेळ आला. एका फ्रेंच पटखेळावरून घेतलेला ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ही त्याच साली आला. त्याचा 2013 मधला चौथा भाग 1444 पासून 1821 पर्यंतचं सगळं जग समोर मांडतो आणि त्यात मराठ्यांचं राज्य उभं करता येतं, गोंड राज्यही चालवता येतं.

1993 साली ॲलन एम्रिक या अमेरिकी समीक्षकानं या जातीच्या खेळांचं सार चार क्रियांमध्ये सांगितलं: शोधा, पसरा, उपसा आणि संपवा. ही चौकडी आजही या खेळांची ओळख आहे. धुक्याखालचा नकाशा उघडायचा, मोकळ्या जागी वस्ती करायची, जमिनीतून आणि माणसांतून उत्पन्न काढायचं आणि आड येणाऱ्याला दूर करायचं. या क्रमात कुठेही राहणं नाही, नांदणं नाही. इथे आधीपासून कोण आहे, हा प्रश्न शत्रू किती आहे एवढ्यापुरताच पडतो. हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ. तरी या खेळांनी जे चांगलं शिकवलं, ते आधी मोकळेपणानं सांगायला हवं.

सर्वात मोठी शिकवण अशी की लढाईचा निकाल रणांगणाच्या बराच आधी लागलेला असतो. ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या दुसऱ्या भागात नेहमीच्या डावात एका खेळणाऱ्याला 200 माणसांची मर्यादा असते. त्यातली किती शेतावर, लाकूडतोडीवर, दगडाच्या आणि सोन्याच्या खाणीवर लावायची आणि किती फौजेत घ्यायची, हा हिशेब ज्याला जमला तो जिंकतो. नुसती तलवारबाजी आवडणारा मुलगा दोन-चार डाव हरल्यावर धान्याकडे पाहू लागतो. हे शिक्षण आपल्या परंपरेत परकं नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यांबरोबर सावकार, रयत, वतनं आणि आरमार यांचा विचार एकाच राज्यशास्त्राचे भाग म्हणून केलेला आहे. आरमारासाठी लाकूड लागतं, पण रयतेची आंब्या-फणसाची झाडं तिच्या खुशीशिवाय तोडू नयेत, हा सल्ला तिथेच आहे. चिपळूणकडच्या छावणीतल्या सैन्याला शिवाजी महाराजांनी पाठवलेलं पत्र सर्वांना माहीत आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आणि वैरण आताच संपवली तर घोडे मरतील आणि मग शिपाई रयतेला लुबाडतील, ही त्यातली धास्ती आहे. दाणा, वैरण, लाकूड, महिने आणि माणसांचा स्वभाव यांचा एकत्र विचार करणारं ते पत्र आहे. चांगला डावपेची खेळ खेळणाऱ्याला त्याच विचाराच्या उंबरठ्यावर आणून सोडतो.

उंबरठा ओलांडला की मात्र खेळाच्या मर्यादा दिसू लागतात. ‘एम्पायर’मध्ये वर्षाच्या दोन खेळ्या असतात, एक उन्हाळ्याची आणि एक हिवाळ्याची. हे युरोपचं वर्ष आहे. तिथे बर्फ पडला की फौजा थांबत. दख्खनमध्ये आणि मध्य हिंदुस्थानात फौजा थांबत त्या पावसात. दसऱ्याला शिलंगण करून बाहेर पडायचं, मोहीम उरकून पावसापूर्वी परतायचं किंवा वाटेत कुठे छावणी घालायची, या पायावर मराठ्यांची मुलूखगिरी उभी होती. नद्या उतरल्या की घोडा चालतो आणि पिकं हाती आली की वसुली होते. ज्या खेळात पावसाळाच नाही, त्यात मराठ्यांचं घोडदळ सारखं वर्षभर फिरत राहतं. खेळणाऱ्याला ते आपलं कौशल्य वाटतं. मराठी वाचकाच्या हे लगेच लक्षात येईल, कारण त्याच्या घरी अजूनही दसऱ्याला आपट्याची पानं वाटली जातात.

दुसरी मर्यादा आज्ञेची. पडद्यावर प्रत्येक फौज बोटाच्या इशाऱ्यावर हलते. 1700 साली खेळ ज्याला मराठ्यांचा संघ म्हणतो, तसा संघ तेव्हा नव्हता. औरंगजेबाच्या फौजा साताऱ्याला वेढा घालून बसल्या होत्या, त्याच साली राजाराम महाराज वारले आणि ताराबाईंनी कारभार हाती घेतला. संघ आकाराला आला तो नंतरच्या दशकांत, आणि आला तोही आपापल्या मुलखाचे मालक झालेल्या सरदारांचा. 1743 साली बंगालवरून रघूजी भोसले आणि नानासाहेब पेशवे आमनेसामने आले. पेशव्यांनी बंगालचा नवाब अलीवर्दीखान याच्याशी करार करून रघूजींना बंगालबाहेर काढलं आणि शेवटी शाहू महाराजांनी मध्ये पडून दोघांचे मुलूख वाटून दिले. कुठल्या खेळात आपलाच सेनापती आपल्या शत्रूचा शत्रू आणि आपलाही प्रतिस्पर्धी असतो? 1755 साली रघूजी वारल्यावर दौलत चार मुलांत वाटली गेली. जानोजी नागपुरास, मुधोजी चांद्यास, साबाजी वऱ्हाडात आणि बिंबाजी छत्तीसगडात. 2020 साली आलेल्या ‘क्रुसेडर किंग्ज’च्या तिसऱ्या भागात राजा मेल्यावर राज्याची मुलांमध्ये वाटणी होते आणि खेळणारे चिडतात. छत्तीसगडला मराठी राजा मिळाला तो अशाच एका वाटणीमुळे. त्यामुळे हा नियम चिडण्याचा नाही, समजून घेण्याचा आहे.

आता छत्तीसगडचा पट मांडू. इथे शतकानुशतकं हैहयवंशी कलचुरींचं राज्य होतं. मुख्य गादी रतनपूरला आणि धाकटी शाखा रायपूरला. शिवनाथ नदीच्या उत्तरेला 18 गड आणि दक्षिणेला 18, असे छत्तीस गड परंपरेनं सांगितले जातात. दक्षिणेकडच्या गडांत रायपूर, पाटण, सिमगा, दुर्ग, राजिम, सिरपूर, खल्लारी ही नावं येतात. सिमगा बीरगांवच्याच रस्त्यावर आहे. गडावर दिवाण, बारा गावांच्या गटावर दाऊ आणि गावावर गौंटिया, अशी ती जुनी उतरंड होती. ‘गड’ म्हटलं की मराठी मनापुढे सह्याद्रीचा बुरूज उभा राहतो. इथला गड हा मुख्यतः गावांचा समूह होता, कारभाराचा विभाग होता. ज्या पटावर प्रत्येक किल्ला दगडी चौकोनानं दाखवतात, तिथे हा फरक पुसला जातो.

‘युरोपा युनिव्हर्सालिस’ खेळणाऱ्यांना माहीत असतं की जिंकलेला प्रांत लगेच आपला होत नाही. मांडलिक म्हणून ठेवला तर खर्च कमी आणि मिळकतही कमी. आपल्यात सामील करून घ्यायचा तर कारभाराची शक्ती ओतावी लागते आणि तिथला असंतोष सोसावा लागतो. नागपूरकरांनी आधी पहिला मार्ग धरला. 1741 मध्ये वृद्ध राजा रघुनाथसिंह लढला नाही. त्याच्यावर एक लाख रुपयांचा दंड बसवून फौज पुढे बंगालकडे गेली. पुढे त्याच कुळातल्या मोहनसिंहाला भोसल्यांनी गादीवर बसवलं आणि 1758 पर्यंत तो भोसल्यांच्या वतीनं राज्य करत राहिला.

दुसरा मार्ग बिंबाजींचा. 1758 पासून 1787 मध्ये मृत्यू होईपर्यंत ते रतनपूरला राहिले. ते खंडणी घेऊन परत जाणाऱ्यांपैकी नव्हते, इथेच नांदले. रतनपूरच्या रामटेकरीवरचं राममंदिर त्यांच्या काळचं. दरबारी कामात मराठी आणि मोडी आली. दसऱ्याला सोनं म्हणून पानं देण्याची रीत इथे त्यांच्यामुळे रुजली, असं छत्तीसगडात सांगतात. रायपूरच्या तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्त्यांमध्ये मराठी घरं दिसतात, त्यांच्या मुळाशी हाच काळ आहे. पुढच्या शतकात अशाच एका मराठी घरातून माधवराव सप्रे आले. त्यांनी 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगड मित्र’ काढला, टिळकांचं ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत आणले आणि आधुनिक हिंदी गद्याच्या पायाभरणीत वाटा उचलला. खेळात संस्कृतीचे गुण मोजले जातात, राजधानीतून बाहेर पसरणाऱ्या रंगासारखे. इथे राज्यकर्त्यांची भाषा बोलणाऱ्या घरातल्या माणसानं आपली बुद्धी लोकांच्या भाषेला दिली. तो प्रवाह उलट्या दिशेचा होता आणि तो मोजणारा खेळ अजून झालेला नाही.

तिसरा मार्ग दुरून कारभार करण्याचा. बिंबाजींनंतर छत्तीसगड व्यंकोजी भोसल्यांकडे आलं. ते इथे राहिले नाहीत. नागपुरातून सुभेदार नेमले गेले. विठ्ठल दिनकर या सुभेदारानं जुनी गडांची रचना मोडून 27 परगणे केले. कमाविसदार, फडणवीस, बरारपांडे अशी नवी साखळी आली, पण तळाशी गौंटिया तसाच राहिला. वसुलीत जमीनदारांकडून टाकोळी, मालाच्या ये-जावर सायर, दारूवर कलाली, शेती न करणाऱ्यांच्या घरांवर पांढरी अशी नाना नावं होती. पडद्याच्या कोपऱ्यात उत्पन्नाचा एकच आकडा दिसतो. त्या आकड्यात किती हात आहेत आणि प्रत्येक हाताला किती चिकटतं, हे समजायचं तर ही नावं वाचावी लागतात. ज्याला प्रांतात राहायचं आहे त्याची वसुली आणि ज्याला तीन वर्षांत नेमणुकीची किंमत काढायची आहे त्याची वसुली सारखी नसते. बिंबाजींचा काळ आणि सुभ्याचा काळ शेजारी ठेवले की हे दिसतं.

गावातून पाहिलं तर पट आणखी बदलतो. छत्तीसगडात तेव्हा जमीन मुबलक होती आणि कसणारे हात कमी. जाच वाढला की रयत गाव सोडून दुसऱ्या गौंटियाकडे जाई. म्हणून गौंटियाला आपली माणसं धरून ठेवावी लागत. अनेक गावांत लाखाबाटा नावाची रीत होती. ठराविक काळानं शेतांची पुन्हा वाटणी करायची, म्हणजे चांगली आणि वाईट जमीन आळीपाळीनं सगळ्यांच्या वाट्याला यावी. खेळात शेत म्हणजे चौकोनावर एकदा बांधलेली आणि कायम धान्य देणारी वस्तू. लाखाबाट्याचं गाव त्या चौकोनात मावत नाही. तिथे शेती ही माणसांमधली बोलणी होती, दर काही वर्षांनी नव्यानं करायची.

आणि धान्य हलवायचं कोणी? खेळात राजधानीत साठलेलं अन्न सीमेवरच्या फौजेला आपोआप मिळतं. इथे ते बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. छत्तीसगडचं धान्य बाहेर आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरचं मीठ आत, अशी त्यांच्या तांड्यांची ये-जा असे, आणि हिंदुस्थानातल्या फौजा त्यांच्या आधारावर चालत. बीरगांवच्या लगत रावांभाठ्याला बंजारी मातेचं देऊळ आहे. तिथे रोज शेकडो कामगार हात जोडतात. ज्यांच्यावाचून साम्राज्य एक पाऊल पुढे सरकलं नसतं, त्यांना खेळात बहुधा सोंगटी नाही. पण इथे त्यांच्या देवीचं देऊळ आहे. इतिहास शिकवणाऱ्यांनी मुलांना एकदा तिथे न्यावं आणि मीठ कुठून येत होतं, हे तिथे उभं राहून सांगावं.

याहून अवघड गोष्ट बंगालची. भास्कररामांची फौज छत्तीसगडातून पुढे गेली आणि 1742 पासून बंगालच्या खेड्यांवर जे कोसळलं, त्याची आठवण तिकडच्या अंगाईगीतांत आजही आहे. कलकत्त्याच्या इंग्रजांनी भीतीनं शहराभोवती खंदक खणायला घेतला. गंगाराम नावाच्या बंगाली कवीनं या स्वाऱ्यांवर लिहिलेल्या काव्याचं नाव ‘महाराष्ट्रपुराण’ आहे. 1744 साली अलीवर्दीखानानं भेटीला बोलावून भास्कररामांना दगाफटक्यानं मारलं. 1751 च्या तहात नागपूरकरांना ओडिशाचा महसूल आणि बंगालची 12 लाखांची चौथाई मिळाली. खेळाच्या भाषेत हा मोठा विजय आहे, नकाशावर समुद्रापर्यंत आपला रंग. पण ज्यांच्या गावांतून तो रंग गेला त्यांनी लिहिलेलं वाचल्याशिवाय मराठी माणसानं या विजयाचा हिशेब पुरा झाला असं मानू नये. हे वाचल्यानं आपल्या पूर्वजांचं शौर्य उणं होत नाही. आपला स्वतःचा न्यायबुद्धीचा दर्जा मात्र वाढतो.

माणसांच्या विचारातून काय घडतं, हेही पटाबाहेर राहतं. 1756 साली, म्हणजे बिंबाजी रतनपूरला येण्याच्या दोन वर्षं आधी, गिरौदपुरीला गुरू घासीदासांचा जन्म झाला. भोसल्यांचा सुभा, परगणे, इंग्रजांची देखरेख, हे सगळं त्यांच्या आयुष्यात येऊन गेलं. माणसं सगळी सारखी आहेत, ही त्यांची शिकवण घेऊन उभा राहिलेला सतनामी समाज आज छत्तीसगडच्या सार्वजनिक जीवनाचा मोठा आधार आहे. सुभेदारांची नावं आज अभ्यासकांनाच माहीत आहेत. घासीदासांच्या जयंतीला डिसेंबरात गावोगाव पांढरे ध्वज चढतात. विजयाच्या अटी ठरवणाऱ्या कुठल्याही यादीत असा विजय नसतो. तो का नसतो, हे विचारायला खेळणाऱ्यानं शिकावं.

शेवटच्या खेळ्या इंग्रजांच्या. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरचं राज्य त्यांच्या हाती गेलं. 1818 मध्ये छत्तीसगडचा कारभार कॅप्टन ॲग्न्यूकडे आला. मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हललं, 27 परगण्यांचे 8 झाले आणि 1820 मध्ये ॲग्न्यूनं या सुभ्यावर अहवाल लिहिला. रायपूर मोठं होऊ लागलं ते इथून. बीरगांवच्या आजच्या वाढीचा धागाही या एका खेळीपर्यंत मागे नेता येतो. 1830 मध्ये राज्य तिसऱ्या रघूजींना परत मिळालं, 1853 च्या डिसेंबरात ते निपुत्रिक वारले आणि 1854 मध्ये डलहौसीनं नागपूर खालसा केलं. दोनच वर्षांनी, 1856 च्या दुष्काळात, सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी सावकाराचं धान्याचं कोठार उघडून भुकेल्यांना वाटलं. 10 डिसेंबर 1857 रोजी त्यांना रायपुरात फाशी देण्यात आलं. शेकडो डावांत आपण धान्याचा आकडा हिरवा की लाल एवढंच पाहतो. तो लाल झाला की कोणीतरी कोठाराचं कुलूप तोडतं, हे, जिथे नारायणसिंहांना फाशी दिल्याचं सांगतात त्या रायपूरच्या जयस्तंभ चौकातून जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हवं.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, मग खेळच कशाला, सरळ इतिहास वाचावा. माझं मत तसं नाही. इतिहासाचं पुस्तक झालेलं सांगतं. खेळ ‘आता काय करायचं’ असं विचारतो. जो मुलगा एकदा तिजोरी रिकामी असताना दोन सीमांवर अडकला, त्याला रघूजींचा आणि पेशव्यांचा तंटा केवळ फितुरीची गोष्ट वाटत नाही. त्यामागची ओढाताण त्याच्या अंगवळणी पडलेली असते. निर्णयाचा भार अनुभवता येणं ही या खेळांची खरी देणगी आहे. तिला वाचनाची जोड मिळाली तर ती ज्ञान होते. नाही मिळाली तर नकाशा रंगवण्याचा हव्यास तेवढा उरतो आणि तो हव्यास पडद्याबाहेरच्या जगाकडे पाहण्याची सवयही बिघडवतो. सिलतऱ्याच्या धुराखाली राहणाऱ्यांना, आपला परिसर दूरच्या कोणाच्या हिशेबातला उत्पन्नाचा चौकोन झाला की काय होतं, हे वेगळं सांगायची गरज नाही.

म्हणून पुढच्या प्रकरणांत खेळण्याची एक शिस्त सुचवली आहे. डाव सुरू करताना शेजारी एक वही ठेवावी. प्रांत घेण्याआधी तो का हवा, हे एका वाक्यात लिहावं. घेतल्यावर त्या प्रांतातल्या एका गावाच्या गौंटियाच्या बाजूनं तीच नोंद पुन्हा लिहावी: किती माणसं गेली, धान्य कोणी नेलं, कोणती भाषा दारात आली. मग खऱ्या इतिहासात तिथे काय घडलं ते शोधावं. त्यासाठी मराठीत काशीराव राजेश्वर गुप्ते यांची नागपूरकर भोसल्यांची बखर आहे, यादव माधव काळे यांचं लेखन आहे. इंग्रजीत ॲग्न्यू आणि जेन्किन्स यांचे अहवाल आहेत. बखर दरबाराच्या बाजूनं बोलते आणि अहवाल नव्या धन्याच्या बाजूनं, हे ध्यानात ठेवून दोन्ही वाचावेत. एक डाव मुद्दाम लहान बाजूनं खेळावा. बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये सापडलेलं गोंड राज्य चालवून पाहावं. नागपूर शहर मुळात गोंड राजा बख्तबुलंद शाहानं वसवलं, हे मग आठवणीत राहतं.

आणि ज्यांना संगणकाची गोडी आहे, त्यांनी याच्या पुढे जावं. यातल्या अनेक खेळांचे नकाशे आणि नियम खेळणाऱ्याला बदलता येतात. छत्तीस गडांचा पट अजून कोणीतरी करायचा आहे. त्यात शिवनाथ, महानदी आणि खारून वाहतील, चार महिने पाऊस पडेल आणि फौजा थांबतील. बंजारा तांडे नसतील तर मीठ मिळणार नाही. जाच वाढला की रयत गाव सोडेल. सुभेदार बदलला की वसुली बदलेल. तो पट मराठीत आणि छत्तीसगडीत, दोन्ही भाषांत असावा. तो करायला लागणारी माहिती गोळा करून देणं हाच या पुस्तकाचा हेतू आहे आणि ते काम बीरगांवच्या, रायपूरच्या, नागपूरच्या तरुण हातांनी पुरं करावं, ही माझी मनापासून इच्छा आहे.

बीरगांव, रायपूर